घरातला अर्धा तास कुणाचा?

(तरुण-तरुणींच्या निवासी शिबिरात एका शिक्षिकेने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळच्या सत्रात तुम्ही शिक्षणावर ऐकलंत, कायद्यावर ऐकलंत, नोकऱ्यांच्या प्रश्नावर एकमेकांशी भांडलातही. आता जेवण झालंय, पोटात बिर्याणी आहे आणि संयोजकांनी मला व्यायामावर बोलायला उभं केलंय. मागच्या रांगेतले काही डोळे मिटायला लागलेत, ते मला इथून दिसतंय. हरकत नाही. मी शाळेत गणित शिकवते आणि माझा तास नेहमी मधल्या सुट्टीनंतरचा असतो. मला सवय आहे.

मी व्यायामशिक्षिका नाही, डॉक्टरही नाही. सोलापुरात दोन खोल्यांच्या घरात आम्ही सहा माणसं राहतो. आम्ही नवरा-बायको, दोन मुलं, सासूबाई आणि धाकटा दीर. त्या घरात गेली तीन वर्षं मी आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, घाम निथळेपर्यंत व्यायाम करते. त्याच्या आधीच्या एका वर्षात मी तो तीनदा सुरू केला आणि तीनदा सोडला. आज टिकलेल्या तीन वर्षांइतकंच मला त्या सुटलेल्या वर्षाबद्दल सांगायचंय. कारण तुमच्यापैकी बरेच जण सध्या त्याच वर्षात असणार.

पिठाच्या डब्याखालचा कागद

माझी अम्मी छप्पन्नाव्या वर्षी गेली. तिला मधुमेह होता. आधी पायाची जखम चिघळली, मग दोन बोटं काढावी लागली, मग मूत्रपिंडं थकली. शेवटची दोन वर्षं मी तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेत होते. ती पडल्या पडल्या म्हणायची, "तू तरी स्वतःकडं बघ गं." मी "हो अम्मी" म्हणायचे आणि तिच्या उशाशी बसून वह्या तपासायचे.

धाकटीच्या वेळी गरोदरपणात माझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली आणि मी विसरून गेले. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी पट असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. धाकटी सहा वर्षांची झाली तेव्हा शाळेत शिक्षकांसाठी तपासणी शिबिर झालं. त्यात माझं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, 6.2 आली. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. 6.5 ला तुम्ही घरात शिरलात. मी तो कागद घरी आणला आणि पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला. कुणाला दाखवला नाही.

या उंबरठ्यावर मी एकटी नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक उंबरठ्यावर. या मंडपातही काही जण असतील. उंबरठ्यावर काही दुखत नाही, म्हणून कळत नाही.

उंबरठ्यावरून मागे येता येतं का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशाच 531 लोकांवर अभ्यास केला आणि तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी आहार आणि हालचाल बदलली, त्यांच्यात तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण नेहमीसारखंच राहिलेल्या गटापेक्षा सुमारे 28 टक्क्यांनी कमी निघालं. गोळी घेणाऱ्यांचा फायदाही जवळपास तेवढाच होता. सगळे वाचले असं नाही, पण बरेच वाचले. अम्मीचा पाय मी पाहिला होता. मला तेवढी संधी पुरेशी होती.

साठ दिवसांचं चॅलेंज

मग मी सगळे करतात तेच केलं. मोबाइल उघडला आणि साठ दिवसांचं एक चॅलेंज शोधून काढलं. पडद्यावर एक पिळदार माणूस, मागे पांढरी भिंत, खाली चकचकीत मोकळी जमीन. त्याच्या खोलीत कपाट नाही, शिलाई मशीन नाही, गाद्यांची चळत नाही आणि सासूही नाही. पहिल्याच दिवशी पन्नास बर्पी. बर्पी म्हणजे खाली बसायचं, हात टेकून पाय मागे फेकायचे, परत ओढायचे आणि उडी मारून उभं राहायचं.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. सहाव्या उडीला स्वयंपाकघरातली भांडी वाजली. सासूबाई नमाज आटोपून जानमाज घडी करत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "क्या गे, पूरा घर हलरा! नीचेवाले आते अब लडने कू."

खालचे खरंच आले.

ते चॅलेंज नऊ दिवस चाललं. मग गुडघा सुजला. दुसऱ्यांदा सुरू केलं, सतरा दिवस चाललं, मग सहामाहीचे पेपर आले. तिसऱ्यांदा चार दिवस. दर वेळी मी स्वतःला एकच गोष्ट सांगितली, माझ्यात जिद्द नाही, मी आळशी आहे. मंडळी, जी बाई सहा माणसांचं करून, शाळेत सहा तास उभी राहून, रात्री पेपर तपासते, ती स्वतःला आळशी म्हणत होती, आणि घरातही ते कुणाला खटकत नव्हतं.

एका रात्री मी डायरी उघडली. व्यायामाच्या प्रत्येक दिवसाची मी नोंद ठेवली होती, शेवटी गणिताची बाई. तीस दिवस केलेला व्यायाम, त्यातले चौदा दिवस अर्धवट सोडलेले. अर्धवट का, तेही लिहिलं होतं. मी कारणांची बेरीज केली. चौदापैकी दोन दिवस शरीरामुळे, एकदा गुडघा आणि एकदा ताप. उरलेले बारा दिवस असे: दूधवाला. चहा. मुलाचा मोजा. पाणी आलं. टॉवेल कुठाय. पुन्हा चहा.

बारा दिवस मी थकून थांबले नव्हते. मला कुणीतरी हाक मारली होती आणि मी उठले होते.

त्या रात्री दोन गोष्टी कळल्या. एक, मी पहिल्याच दिवशी शेवटच्या पायरीवर उडी मारली होती. दोन, तो अर्धा तास माझा नव्हताच. मी तो चोरून वापरत होते, आणि चोरीचा माल कुणीही परत मागितला की द्यावा लागतो.

आधी पायरी

पहिली गोष्ट सोपी, म्हणून ती आधी सांगते.

ज्या बर्पीने माझा गुडघा सुजवला, ती मुळात व्यायाम म्हणून निघालीच नव्हती. न्यूयॉर्कच्या रॉयल बर्पी नावाच्या माणसाने 1930 च्या दशकात माणसाची तंदुरुस्ती तपासायला ती बसवली, आणि तीही मोजक्या वेळा करण्यासाठी. तपासणीच आपण रोजचा अभ्यास करून टाकली. शाळेत रोज वार्षिक परीक्षा घेतली तर पोरं शिकतील का?

त्याउलट 1950 च्या दशकाच्या शेवटी कॅनडाच्या हवाई दलासाठी बिल ऑर्बन यांनी घरात करायचा एक व्यायाम आखला. पाच प्रकार, रोज फक्त अकरा मिनिटं. साधनं नाहीत, मैदान नाही. नंतर बायकांसाठी दहा प्रकारांचा, बारा मिनिटांचा वेगळा आखला. त्याची खुबी तक्त्यात होती. सगळ्यात सोप्या पायरीपासून सुरू करायचं आणि ती पायरी नीट जमली तरच वरची चढायची. वेळ तेवढाच राहतो आणि काम वाढत जातं.

आणि कॅनडापर्यंत तरी कशाला जायचं? गामा पहिलवान 1910 मध्ये लंडनला गेले, जगज्जेत्यांना आव्हान दिलं, झिबिस्कोसारखा अवाढव्य मल्ल अडीच तासांहून जास्त वेळ त्यांच्याखाली पडून राहिला आणि फेरकुस्तीला आलाच नाही. त्या गामांची मेहनत कशावर होती? दंड आणि बैठका. ज्याला माणसाच्या लांबीएवढी जमीन लागते, तेवढाच व्यायाम. तेवढी जमीन आमच्या दोन खोल्यांतही निघते, शिलाई मशीन सरकवलं की.

तर मी काय केलं ते सांगते, वह्या काढल्यात तरी चालेल. खाली सतरंजी आणि तिच्यावर सोलापुरी चादरीची घडी. चौथ्या दिवसापासून तिला घरात "अम्मीची चादर" म्हणायला लागले. सोमवार आणि गुरुवार ताकदीचे, मंगळवार आणि शनिवार दमाचे. पाच मिनिटं अंग मोकळं करणं, वीस मिनिटं काम, पाच मिनिटं शांत होणं.

ताकदीच्या दिवशी पाच गोष्टी. बैठका, दंड, एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणं, दप्तर जमिनीवरून छातीपर्यंत ओढणं आणि कोपरांवर शरीर सरळ धरून ठेवणं, ज्याला तुम्ही प्लँक म्हणता. पहिल्या आठवड्यात माझी बैठक म्हणजे खुर्चीवर बसून उठणं, आठ वेळा. माझा दंड भिंतीला हात टेकून, आठ वेळा. प्लँक गुडघे टेकून, पंधरा सेकंद. पाहुणी आलेली नणंद हसली. मीही हसले. पण दर आठवड्याला एक-दोन वाढवत गेले. पंधरा नीट जमले की सोपा प्रकार सोडायचा आणि अवघड घ्यायचा. दंड भिंतीवरून ओट्याच्या कडेवर आला, मग गुडघ्यांवर, मग पायाच्या बोटांवर. भिंतीपासून जमिनीपर्यंत यायला मला सात महिने लागले. बैठकांना वजन हवं झालं तेव्हा मुलाच्या दप्तरात वह्या भरल्या. त्याचं नेहमीचं दप्तरही काही हलकं नव्हतं म्हणा. पाच लिटरच्या तेलाच्या डब्यात पाणी भरलं की पाच किलो वजन तयार.

दमाच्या दिवशी उड्या नाहीत, खालच्यांशी तसा तह झालाय. चाळीस सेकंद जोरात, वीस सेकंद विश्रांती. जागेवर गुडघे उंच उचलणं, हवेत ठोसे, जिन्याच्या वीस पायऱ्या वर-खाली. जोरात म्हणजे किती, तर मधेच कुणी हाक मारली तर पूर्ण वाक्यात उत्तर देता येऊ नये. कपडे म्हणाल तर सलवार-कमीज आणि कमरेला घट्ट बांधलेला दुपट्टा. बूट गादीखाली असतात.

हे पुरतं का? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम किंवा 75 मिनिटं जोरदार हालचाल आणि त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. माझे ताकदीचे दोन दिवस त्यात बसतात, दमाची दोन वीस-वीस मिनिटं मात्र एकटी पुरत नाहीत. उरलेलं बाकीच्या आयुष्यातून, म्हणजे बाजार, जिने, शाळा यांतून भरून काढावं लागतं.

अर्धा तास मागून घेतला

आता अवघड गोष्ट.

एका रविवारी दुपारी जेवणं झाली, दस्तरखान अजून उचललं नव्हतं. मी उठले, पिठाच्या डब्याखालचा कागद काढला आणि सगळ्यांच्या मध्ये ठेवला. मुलांच्या अब्बूंनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "सांगितलं का नाहीस?" मग म्हणाले, "गोळी सुरू कर ना." मी म्हटलं, "गोळीचं डॉक्टर ठरवतील. मला तुमच्याकडून सकाळी सव्वासहा ते पावणेसात एवढा वेळ हवाय."

"मग घे ना. कुणी अडवलंय?"

या वाक्याशी नीट ओळख करून घ्या. आपल्या घरांत अडवत कुणीच नाही. फक्त चहा लागतो.

मी पाटी आणली आणि त्या अर्ध्या तासात घरात काय काय होतं ते लिहिलं. दूध घेणं आणि तापवणं. चहा. मुलाचा डबा. पाण्याच्या बाटल्या. टॉवेल, मोजे, दप्तर. नळाला पाणी आलं असेल तर ते भरणं. सगळ्या ओळींपुढे एकच नाव होतं. दीर पाटी बघून म्हणाला, "भाभी, ये तो पूरा अन्याय है," आणि मोबाइलकडे वळला. मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला आणि पाण्यापुढे त्याचं नाव लिहिलं.

सासूबाईंचा विरोध वेगळा होता. त्या म्हणाल्या, दिवसभर घरकाम करतेस, तोच व्यायाम आहे, आणि नमाजला उठबस होते ती वेगळी. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. झाडणं-पुसणं, कपडे धुणं ही हालचालच आहे आणि ती मोजलीही जाते. नमाजमध्ये सांधे हलते राहतात, पण नमाज आपण व्यायाम म्हणून पढत नाही. आणि घरकाम रोज त्याच स्नायूंवर, तेवढंच ओझं टाकतं. शरीर त्याला सरावतं आणि तिथेच थांबतं. ताकद वाढायची तर ओझं वाढत जावं लागतं. अम्मीने आयुष्यभर घरकाम केलं होतं. हे मी म्हटलं तेव्हा सासूबाई गप्प झाल्या. माझी अम्मी त्यांची विहीण, मैत्रीणही होती.

शेवटी वाटणी झाली. चहा आणि दूध मुलांच्या अब्बूंकडे. डबा मी रात्रीच निम्मा तयार करून ठेवायचा आणि उरलेला पावणेसातनंतर. मुलगा तेव्हा सातवीत होता, त्याने स्वतःचं दप्तर, बाटली आणि मोजे बघायचे. पाणी दिराकडे.

हे फुकट झालं नाही, तेही सांगते. मुलांचे अब्बू यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब बघतात, रात्री अकराला घरी येतात. त्यांची सकाळची अर्ध्या तासाची झोप गेली. बदल्यात रविवारी दुपारी मी मुलांना घेऊन बाहेर पडते आणि ते तीन तास झोपतात. पहिले चार दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. पहिले दोन आठवडे चहा असा व्हायचा की सासूबाई तो खिडकीतल्या तुळशीला घालतील की काय अशी मला भीती वाटायची, पण आमच्याकडे तुळस नाही, म्हणून त्यांना तो प्यावा लागला.

आणि मग तो दिवस आला. तो ताकदीचा दिवस होता. मी प्लँकमध्ये होते, चाळीस सेकंद धरायचे होते. पंचविसाव्या सेकंदाला मला दुधाचा वास आला. दूध वर येत होतं. मुलांचे अब्बू दारात कुणाशी तरी बोलत होते. माझ्या हाताखालची चादर, समोर सहा पावलांवर शेगडी. माझं सगळं शरीर उठायला निघालं होतं. चार वर्षांत मी केलेल्या व्यायामातली सगळ्यात अवघड पंधरा सेकंदं तीच.

दूध उतू गेलं. मी चाळीस मोजले आणि मगच उठले. ते धावत आले, गॅस बंद केला, माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. त्यांनी फडकं घेतलं आणि ओटा पुसला. त्या दिवसापासून दूध उतू गेलेलं नाही.

केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनमोल काम मोजलं होतं. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं. तेही शंभरातल्या 26 पुरुषांचं, बायका शंभरातल्या 81. वजाबाकी करा, 202. मी त्यातली फक्त तीस मिनिटं मागितली होती. आता दुसरा आकडा बघा. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढ पुरुषांचं प्रमाण सुमारे 42 टक्के आहे आणि बायकांचं सुमारे 57. हे दोन आकडे शेजारी ठेवले तरी बायका आळशी आहेत म्हणून असं होतं, असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझ्या तासाला येऊन बसावं.

बिघडलेले दिवस

वेळ मिळाला म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. पाहुणे येतात, लग्नं येतात, पोरं तापाने फणफणतात. सोलापुरात रोज पाणी येत नाही, ज्या दिवशी येतं त्या दिवशी घराघरांत धावपळ असते.

सवयीबद्दल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास आहे. 96 जणांनी रोज एक नवी गोष्ट करायचं ठरवलं आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. कुणाला 18 दिवसांचा हिशेब निघाला, कुणाला 254 चा. मधला आकडा 66. म्हणजे "एकवीस दिवसांत सवय लागते" हे ऐकून बाविसाव्या दिवशी स्वतःला दोष देऊ नका. त्यात आणखी एक गोष्ट दिसली. मधेच एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. मी दर वेळी एक दिवस चुकला की "गेलं सगळं" म्हणून चादर गुंडाळत होते. तिथेच माझी चूक होती.

म्हणून माझा नियम एवढाच आहे की ठरलेल्या दिवशी चादर अंथरायचीच. घर भरलेलं असेल, डोकं दुखत असेल, काही असो. चादर अंथरून दहा बैठका, पाच दंड, आणि गुंडाळून ठेवली तरी तो दिवस धरला. चार मिनिटं लागतात. दहातल्या सहा वेळा चादरीवर उभं राहिल्यावर पुढचंही होऊन जातं. न झालं तर तेवढंच.

पाण्याच्या दिवशी दीर गावाला गेला असेल तर कळश्या मीच चढवते. पाठ सरळ, गुडघ्यात वाकून उचलणं, दोन्ही हातांत सारखं वजन, आणि तो दिवस ताकदीत धरते. डायरीत लिहिते, "नळ".

रमजानमध्ये मी दमाचे दिवस बंद करते. ताकदीचे दोन दिवस ठेवते, निम्मे, तरावीहच्या नंतर किंवा इफ्तारच्या आधी वीस मिनिटं. रमजान उन्हाळ्यात आला, पारा चाळिशीपार असला, तर इफ्तारच्या आधी नाहीच. पहिल्या वर्षी वाटलं, महिनाभरात कमावलेलं सगळं जाईल. जात नाही. थोडा व्यायाम सुरू ठेवला तर ताकद बरीचशी टिकते आणि ईदनंतर दोन आठवड्यांत गाडी रुळावर येते. हो, शीरखुर्मा खाल्ला तरी. पण ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन सुरू आहे, त्यांनी रोजा आणि व्यायाम दोन्हींचं आपल्या डॉक्टरांना आधी विचारावं. मनाने करू नका.

सावधगिरीचं तेवढ्यातच सांगते. छातीत दुखलं, चक्कर आली, श्वास विचित्र लागला तर थांबायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. स्नायू दुखणं वेगळं, सांधा दुखणं वेगळं. सांधा दुखला की एक पायरी खाली उतरा. बाळंतपण झालेल्या मुलींनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. आणि मुलांनो, दंड फुगवण्यासाठी कुणी सुई किंवा पुडी देऊ केली तर त्याला सांगा, गामाकडे दोन्ही नव्हतं.

शेवटचं

माझा मागचा रिपोर्ट 5.8 आला. म्हणजे मी अजून उंबरठ्यावरच आहे, फक्त बाहेरच्या बाजूला सरकलेय. कदाचित पुढे मधुमेह होईलही. अम्मीचं रक्त आहे. पण तो छप्पन्नाव्या वर्षी माझा पाय नेणार नाही यासाठी जे माझ्या हातात आहे, ते मी सव्वासहाला करते. या तीन वर्षांत वजन फक्त चार किलो उतरलं. गॅसचा सिलिंडर मात्र मी आता कुणाची वाट न पाहता सरकवते.

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. गेल्या हिवाळ्यात एकदा मी चादरीवर असताना त्यांनी खुर्ची आणून शेजारी ठेवली आणि विचारलं, "वो पहले हफ्तेवाला क्या था?" हात न टेकता खुर्चीवरून उठणं. पहिल्या दिवशी त्यांना एकदाही जमलं नाही. आता सहा होतात. त्यांची खुर्ची लागली की दीर आपण होऊन बाटल्या भरतो, कारण आता हाक मारायला कुणीच रिकामं नसतं.

मुलींनो, तुम्हाला एवढंच सांगते. जिद्द तुमच्यात आहे, ती तपासत बसू नका. घरच्यांसमोर बसा, पाटी आणा, वेळेचे आकडे लिहा आणि तुमचा अर्धा तास मागून घ्या, चोरू नका. आणि दूध उतू गेलं तर जाऊ द्या.

आणि मुलांनो, तुमच्यातले निम्मे जिमला जातात. हात वर करू नका, दिसतंय. जिमहून आल्यावर अंडी कोण उकडतं? घामाचा टी-शर्ट कोण धुतं? तुमचा तासभर कुणीतरी सांभाळलेला असतो, म्हणून तो तुमचा असतो. शिबिरातून घरी गेलात की तुमच्या अम्मीला, बहिणीला, भाभीला "तुम्हीही व्यायाम करा" असं सांगू नका. त्यांनी ते हजारदा ऐकलंय. उद्या सकाळी लवकर उठा आणि दूध तुम्ही तापवा. बाकीचं त्या बघून घेतील.

आता उठा, हातपाय झटका, आणि चहाच्या रांगेत पहिले मुलं उभी राहून सगळ्यांना चहा देतील.